लॅपटॉपवरील लिनक्स : यंत्राचे स्वामित्व आणि यंत्राचे ज्ञान

१

एखादे यंत्र मोल देऊन घरी आणले म्हणजे त्या यंत्राचे ज्ञानही आपल्या हाती आले, असा समज सर्वसाधारणपणे रूढ आहे. रहाट, शिवणयंत्र, सायकल यांच्या बाबतीत तो बव्हंशी खराही होता. ही यंत्रे उघडून पाहता येत, आणि गावचा लोहार किंवा पेठेतला कारागीर ती निरीक्षणाने समजावून घेऊन दुरुस्त करीत असे. संगणकाने ही स्थिती पालटली. संगणकातील चिप उघडून पाहिली तरी ती कोणत्या आज्ञेला कसा प्रतिसाद देते, हे डोळ्यांना दिसत नाही. ते निर्मात्याने लिहून दिले तरच कळते. यंत्राचे स्वामित्व एकाकडे आणि त्याचे ज्ञान दुसऱ्याकडे, अशी फारकत येथे झाली. या फारकतीचा इतिहास लिनक्स ही कार्यप्रणाली लॅपटॉपवर चालविण्याच्या गेल्या तीन दशकांतील खटाटोपात जितका स्पष्ट दिसतो, तितका तो अन्यत्र क्वचितच दिसेल.

लॅपटॉपवर लिनक्स बसविले की बिनतारी जोडणी होत नाही, झाकण मिटल्यावर निजलेले यंत्र पुन्हा जागे होत नाही, कॅमेरा दिसत नाही, ही तक्रार जुनी आहे. तिची कारणमीमांसा साधारणतः दोन प्रकारे केली जाते. लिनक्स हे हौशी मंडळींचे काम असल्यामुळे ते अपुरे राहते, हे एक मत. यंत्रनिर्मात्यांनी हेतुपुरस्सर अडथळे आणले, हे दुसरे. दोन्ही मतांत तथ्यांश आहे. परंतु घटनाक्रम तपासून पाहता दोन्ही अपुरी ठरतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, प्रत्येक टप्प्यावर निर्णायक ठरली ती यंत्राविषयीच्या लिखित ज्ञानाची उपलब्धता; आणि ते ज्ञान एका ठिकाणी खुले झाले की गुप्ततेची सीमा नाहीशी न होता यंत्राच्या अधिक आतल्या भागात सरकत गेली.

पुढील विवेचनात तीन संज्ञा वारंवार येतील. त्यांचा खुलासा आरंभीच केलेला बरा. कार्यप्रणालीच्या गाभ्यास ‘कर्नेल’ म्हणतात. कर्नेल आणि एखादी चिप यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली म्हणजे ‘ड्रायव्हर’. आणि जी आज्ञावली कर्नेलमध्ये न चालता खुद्द त्या चिपमधील छोट्या प्रोसेसरवर चालते, ती ‘फर्मवेअर’ होय.

२

या इतिहासाची पूर्वपीठिका लॅपटॉपच्याच काय, लिनक्सच्याही आधीची आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीकडून एक लेसर प्रिंटर मिळाला. तेथील जुन्या प्रिंटरची मूळ संहिता हाताशी असल्यामुळे, कागद अडकला की संबंधितांना सूचना जावी, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांनी तीत केली होती. नव्या प्रिंटरची संहिता मात्र मिळाली नाही. ती ज्यांच्यापाशी होती त्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकाने, आपण गुप्ततेच्या कराराने बांधलेलो असल्याचे सांगून, ती देण्यास नकार दिला. स्टॉलमन यांनी पुढे १९८३ च्या सप्टेंबरमध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, तिच्यामागील एक प्रेरणा म्हणून हा प्रसंग त्यांनी वेळोवेळी सांगितला आहे. मुक्त आज्ञावलींच्या चळवळीच्या मुळाशी अशा रीतीने एका यंत्राच्या ड्रायव्हरचा प्रश्न होता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या नव्या कार्यप्रणालीची वार्ता जाहीर केली. त्या निवेदनात, आपल्याजवळ आहे तेवढ्याच प्रकारची हार्ड डिस्क तिच्यावर चालेल आणि बहुधा पुढेही तेवढीच चालेल, अशा आशयाची कबुली होती. ही केवळ विनयाची भाषा नव्हती. ज्याच्यापाशी जे यंत्र त्याने त्याचा ड्रायव्हर लिहावा, ही लिनक्सच्या वाढीची रीत तिच्यात बीजरूपाने आढळते. १९९२ च्या आरंभी लिनक्सने ग्नूचा सार्वजनिक परवाना स्वीकारला, आणि एकाने आपल्या यंत्रापुरते मिळविलेले ज्ञान सर्वांच्या उपयोगी पडू लागले. इंटेलच्या ३८६ प्रोसेसरभोवती उभ्या राहिलेल्या संगणकांचे बहुतेक भाग त्या काळी ठरावीक नमुन्याचे होते आणि त्यांची माहिती छापील पुस्तकांत मिळत असे. म्हणून प्रारंभीची प्रगती वेगाने झाली.

३

मेजावरच्या संगणकात एखादे कार्ड चालले नाही तर ते काढून दुसरे घालता येते. लॅपटॉपमध्ये ही सोय जवळजवळ नसते. चित्रपटल, ध्वनी, बिनतारी जोडणी, विजेचे नियमन हे सर्व भाग एकाच साच्यात बसविलेले असतात आणि कोणती चिप घालावी हा निर्णय निर्मात्याचा असतो. यास्तव ज्ञानाच्या अभावाचा काच लॅपटॉपधारकाला अधिक जाणवला.

१९९० नंतरच्या दशकात लॅपटॉपला बाहेरून जोडावयाची पीसीएमसीआयए कार्डे प्रचारात आली. त्यांचा नमुना प्रसिद्ध असल्यामुळे डेव्हिड हाइंड्स यांनी लिनक्ससाठी त्यांची व्यवस्था बऱ्याच अंशी एकहाती उभी केली. याच्या अगदी उलट प्रकार मोडेमचा झाला. त्या दशकाच्या उत्तरार्धात, मोडेमचे बरेचसे कार्य स्वतंत्र चिपऐवजी संगणकाच्या मुख्य प्रोसेसरकडून, विंडोजवरील ड्रायव्हरद्वारा, करवून घेण्याची पद्धत पडली. त्यामुळे मोडेम स्वस्त झाले, परंतु त्याचा जणू आत्माच ड्रायव्हरमध्ये गेला. तो ड्रायव्हर नाही तर हाती राहिली ती दूरध्वनीची तार आणि एक निरुपयोगी चिप. अशा मोडेमना ‘विनमोडेम’ हे नाव पडले. यात लिनक्सविषयी द्वेष शोधण्याचे कारण नाही. उत्पादनखर्च कमी करण्याचा तो मार्ग होता, आणि त्याचा भार जे अल्पसंख्य होते त्यांच्यावर पडला.

विजेच्या नियमनाचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. १९९२ च्या एपीएम पद्धतीत यंत्राला निजविण्या-उठविण्याचे काम बव्हंशी बायॉसकडे होते. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय हा नवा नमुना प्रसिद्ध केला, आणि ते काम कार्यप्रणालीकडे आले. हा नमुना खुला होता. मग अडचण कोठे आली? एसीपीआयनुसार प्रत्येक लॅपटॉपचा निर्माता आपल्या यंत्राचे वर्णन एका विशिष्ट सांकेतिक भाषेत यंत्रातच लिहून ठेवतो आणि कार्यप्रणाली ते वाचून त्याप्रमाणे वागते. हे लेखन निर्माते विंडोजवर पारखून पाहत. विंडोजवर चालले म्हणजे ते बरोबर, अशी व्यावहारिक कसोटी ठरली. मग त्यात नमुन्याचा भंग झालेला असला तरी त्याकडे कोणी पाहीना. शिवाय या लेखनात, ‘समोरची कार्यप्रणाली कोणती?’ असा प्रश्न विचारण्याची सोय होती आणि उत्तरानुसार यंत्राचे वर्तन बदले. अखेर लिनक्सच्या कर्त्यांनी असे ठरविले की, या प्रश्नाला आपण विंडोज असल्याचेच उत्तर द्यावे. खुल्या नमुन्याच्या राज्यात लिनक्सला वेषांतर करून वावरावे लागले, असे याचे वर्णन करता येईल. प्रसिद्ध नमुना आणि प्रत्यक्ष व्यवहार यांतील हे अंतर अभ्यासकाने विसरू नये. लिखित ज्ञान खुले असणे जसे आवश्यक, तसेच ते यथार्थ असणेही आवश्यक असते.

याच संदर्भात एका पत्राचा उल्लेख नेहमी केला जातो. जानेवारी १९९९ मधील एका अंतर्गत पत्रात बिल गेट्स यांनी, एसीपीआयमधील विस्तार विंडोजपुरते मर्यादित ठेवता येतील काय, असा विचार बोलून दाखविला होता. अमेरिकेतील आयोवा राज्यातील एका खटल्यात हे पत्र पुराव्यादाखल पुढे आले. पत्र अस्सल आहे आणि त्यातील मनोवृत्ती उघड आहे. तथापि त्या विचाराचे पर्यवसान प्रत्यक्ष कृतीत झाले, असे त्या एका पत्रावरून सिद्ध होत नाही. लॅपटॉप झोपेतून न उठण्याची कारणे त्या पत्रापेक्षा वर सांगितलेल्या व्यवहारातच अधिक सापडतात.

४

मार्च २००३ मध्ये इंटेलने ‘सेंट्रिनो’ या नावाने लॅपटॉपसाठी प्रोसेसर, साहाय्यक चिप आणि बिनतारी जोडणी यांचा एकत्रित संच बाजारात आणला. लॅपटॉप आणि बिनतारी जोडणी यांचे साहचर्य तेथून दृढ झाले. परंतु त्या वेळी त्या बिनतारी चिपचा लिनक्ससाठी ड्रायव्हर नव्हता. इंटेलने तो २००४ मध्ये खुला केला. मधल्या काळात, म्हणजे २००३ मध्येच, ‘एनडीआयएसरॅपर’ नावाची एक युक्ती निघाली. विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर आहे तसाच उचलून लिनक्सच्या कर्नेलमध्ये चालविण्याची ती सोय होती. तीमुळे अनेकांचे काम भागले; परंतु ज्ञानाच्या दृष्टीने हाती काहीच आले नाही. बंद पेटी एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवली, इतकेच.

खरे ज्ञानसंपादन झाले ते ब्रॉडकॉमच्या चिपच्या बाबतीत. या कंपनीच्या चिप अनेक लॅपटॉपमध्ये होत्या आणि कंपनी त्यांची रचनापत्रे देत नव्हती. तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन गट केले. पहिल्या गटाने उपलब्ध ड्रायव्हरचे विच्छेदन करून चिपच्या वर्तनाचे वर्णन आपल्या शब्दांत लिहून काढले. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. वर्णन करणारा आणि रचणारा यांच्यात अशी भिंत ठेवण्याचे कारण कायद्याचे होते : नक्कल केल्याचा आरोप येऊ नये. हा ड्रायव्हर जून २००६ मध्ये लिनक्सच्या २.६.१७ या आवृत्तीत समाविष्ट झाला. येथे जे घडले ते इतिहासाच्या विद्यार्थ्याला परके वाटू नये. मूळ ग्रंथ अनुपलब्ध असता त्याच्या परिणामांवरून आणि अवशेषांवरून त्याची पुनर्रचना करावी, तसाच हा प्रकार होता. आणि त्यातून निपजलेले वर्णन हे त्या चिपविषयीचे उपलब्ध असलेले प्रमुख सार्वजनिक साधन ठरले.

अथेरोस कंपनीच्या चिपचा मार्ग निराळा. तेथे ड्रायव्हरचा बाह्य भाग खुला आणि चिपशी प्रत्यक्ष बोलणारा आतील थर बंद, अशी विभागणी होती. या थराला पर्याय ओपनबीएसडी या भगिनी प्रणालीच्या एका कार्यकर्त्याने विच्छेदनाने तयार केला. त्यात कंपनीच्या संहितेची नक्कल झाल्याची शंका घेतली गेली, तेव्हा मुक्त आज्ञावलींसाठी काम करणाऱ्या एका विधिसंस्थेने तपासणी करून २००७ मध्ये ती निराधार ठरविली. पुढच्याच वर्षी, जुलै २००८ मध्ये, अथेरोसने आपल्या नव्या चिपचा संपूर्ण ड्रायव्हर स्वतःच खुला केला. ब्रॉडकॉमनेही सप्टेंबर २०१० मध्ये आपल्या नव्या चिपपुरते तसेच केले.

निर्मात्यांची बाजूही येथे नोंदविणे न्याय्य होईल. रेडिओलहरींच्या वापरावर प्रत्येक देशात सरकारी निर्बंध असतात. चिपची सर्व सूत्रे ग्राहकाच्या हाती गेल्यास तो निषिद्ध लहरींवर प्रक्षेपण करील आणि दोष आपल्यावर येईल, ही त्यांची भीती होती. इंटेलच्या २००६ मधील एका चिपला याच कारणास्तव कर्नेलबाहेर एक बंद आज्ञावली पहारेकऱ्यासारखी चालवावी लागे. कार्यकर्त्यांनी तीस कडाडून विरोध केला, आणि २००७ मध्ये इंटेलने नवा ड्रायव्हर आणून तिची गरज संपविली. मात्र तिचे काम नाहीसे झाले नाही. ते चिपमधील फर्मवेअरकडे सोपविण्यात आले.

५

प्रस्तुत लेखाच्या प्रतिपादनाचा उत्तरार्ध येथून सुरू होतो. ड्रायव्हर खुले होत गेले, तसतसे निर्मात्यांचे रहस्य फर्मवेअरमध्ये जाऊन बसले. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी कार्यकर्त्यांनी ड्रायव्हर रचला खरा, पण तिचे फर्मवेअर मूळ बंद ड्रायव्हरमधूनच कापून काढावे लागे. इटलीतील ब्रेशिया विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये यांपैकी काही चिपसाठी मुक्त फर्मवेअर रचून दाखविले. विद्यापीठीय संशोधनाने या क्षेत्रात काय साधता येते, याचे ते उत्तम उदाहरण होय. परंतु ते अपवादात्मकच राहिले.

चित्रचिपांच्या क्षेत्रातही हाच क्रम आढळतो. एएमडीने २००६ मध्ये एटीआय कंपनी घेतल्यानंतर सप्टेंबर २००७ मध्ये रचनापत्रे प्रसिद्ध करण्याचे धोरण जाहीर केले. एनव्हिडियाने तसे न केल्यामुळे ‘नूव्हो’ हा विच्छेदनाधारित ड्रायव्हर उभा राहिला आणि २०१० मध्ये लिनक्सच्या २.६.३३ या आवृत्तीत आला. २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठातील सभेत टोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियाचा असभ्य शब्दांत निषेध केला, तो प्रसंग सर्वश्रुत आहे. त्याहून अधिक महत्त्वाची घटना त्यानंतरची : एनव्हिडियाच्या पुढील चिप केवळ निर्मात्याची सांकेतिक मुद्रा असलेलेच फर्मवेअर स्वीकारू लागल्या. विच्छेदनाने ज्ञान मिळविता येते. मुद्रा मिळविता येत नाही. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नेलमध्ये चालणारा आपला भाग खुला केला. त्याचे स्वागत झाले. पण तोवर पूर्वी ड्रायव्हरमध्ये असलेले पुष्कळ कार्य चिपमधील स्वतंत्र प्रोसेसरकडे गेले होते.

या सीमेवर तत्त्व आणि उपयोग यांचा झगडा अटळ होता. २००७ मध्ये मुलांसाठी काढलेल्या ‘एक्सओ’ या स्वस्त लॅपटॉपवर लिनक्सच होते, आणि भारतातील त्याचा आरंभीचा प्रयोग रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात एका धनगरवाड्यावरील लहानशा शाळेत झाला. परंतु मुलांनी यंत्र आतून-बाहेरून समजावून घ्यावे हे ब्रीद असलेल्या या लॅपटॉपच्या बिनतारी चिपचे फर्मवेअर बंदच होते, आणि त्याबद्दल त्याच्या कर्त्यांवर मुक्ततावाद्यांनी टीका केली. डेबियन या लिनक्स-वितरणाने २०११ मध्ये आपल्या कर्नेलमधून बंद फर्मवेअर काढून टाकले. परिणाम असा झाला की, ज्या लॅपटॉपला जाळ्याशी जोडावयाचे त्याच्या जोडणीसाठी लागणारे फर्मवेअर आधी अन्यत्र शोधून आणावे लागे. अखेरीस २०२२ च्या मतदानात डेबियनच्या सभासदांनी असे फर्मवेअर अधिकृत प्रतीत घालण्यास संमती दिली, आणि जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून ते अमलात आले. हा पराभव की शहाणपण, याविषयी मतभेद संभवतात. डेबियनने ते फर्मवेअर वेगळ्या विभागात ठेवले, त्याचे बंदपण लपविले नाही, एवढे मात्र नमूद केले पाहिजे.

६

जानेवारी २००७ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नेलच्या कर्त्यांच्या वतीने निर्मात्यांना उघड आवाहन केले : रचनापत्रे द्या, प्रश्नांची उत्तरे देणारा एक माणूस द्या, ड्रायव्हर आम्ही विनामूल्य लिहून देऊ. लिहिण्याची उमेद आणि कौशल्य असूनही अडले होते ते माहितीसाठी, हे या आवाहनावरून स्पष्ट होते. आणि लिनक्सची अडचण म्हणजे हौशी लोकांचे अपुरेपण, या मताला ते पुरेसे उत्तर आहे. त्याच वर्षी डेलने उबुंटू घातलेले लॅपटॉप विक्रीस काढले. जेथे निर्माता स्वतः सामील झाला, तेथे अडचणी झपाट्याने कमी झाल्या.

अगदी अलीकडचे उदाहरण ॲपलचे. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या त्यांच्या एम१ चिपच्या लॅपटॉपवर अन्य कार्यप्रणाली सुरू करण्यास कंपनीने मुभा ठेवली, पण रचनापत्रे दिली नाहीत. हेक्टर मार्टिन यांनी आरंभिलेल्या ‘असाही लिनक्स’ प्रकल्पाने ॲपलची प्रणाली आपल्या पहाऱ्याखाली चालवून, ती चिपशी काय बोलते याची टिपणे घेतली, आणि मार्च २०२२ मध्ये पहिली प्रायोगिक आवृत्ती काढली. या कामातील एक तपशील बोलका आहे. या लॅपटॉपमधील ध्वनिवर्धक मर्यादेबाहेर वाजविल्यास तापून निकामी होऊ शकतात, आणि त्यांचे रक्षण ॲपलची आज्ञावली करते. म्हणून लिनक्सच्या कर्त्यांना आवाज ‘लागला’ म्हणून थांबता आले नाही. ध्वनिवर्धकाच्या तापमानाचे गणित बसवून रक्षणाची स्वतंत्र आज्ञावली सिद्ध होईपर्यंत त्यांनी ते बंदच ठेवले. अज्ञानात यंत्र वापरण्याची किंमत यंत्राच्या नाशाने मोजावी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

७

वरील घटनाक्रमावरून निघणारा निष्कर्ष आता थोडक्यात सांगता येईल. लिनक्सने यंत्राचे ज्ञान चार मार्गांनी मिळविले : प्रसिद्ध पुस्तकांतून, निर्मात्याने दिलेल्या रचनापत्रांतून, विच्छेदनातून आणि निर्मात्याच्या प्रत्यक्ष सहभागातून. कोणत्या चिपला कोणता मार्ग लाभला, यावर तो लॅपटॉप ‘चालतो’ की नाही हे ठरले. द्वेष आणि अकौशल्य ही कारणे गौण होत. खर्चाची काटकसर, कायद्याचे भय आणि अल्पसंख्य ग्राहकांविषयीची उदासीनता ही प्रमुख होत.

अभ्यासकांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. चिप कालबाह्य होते, कंपनी विकली जाते, तिची रचनापत्रे कपाटात पडून राहतात किंवा नष्ट होतात. अशा चिपविषयी सार्वजनिक स्वरूपात उरते ते पुष्कळदा लिनक्समधील ड्रायव्हर आणि त्यातील टिपणे, एवढेच. टोरवाल्ड्स यांनी ज्या ३८६ प्रोसेसरवर आरंभ केला, त्याचा आधार फेब्रुवारी २०१३ मधील ३.८ या आवृत्तीपासून लिनक्सने सोडला. पण त्यापूर्वीच्या बहुतेक आवृत्त्या आजही कोणालाही वाचता येतात. ड्रायव्हर ही अशा रीतीने उपयोगाची वस्तू असून शिवाय एक दस्तऐवज आहे. जे फर्मवेअरमध्ये मुद्रांकित होऊन बसले आहे, त्याचा असा दस्तऐवज मागे राहणार नाही. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील लॅपटॉप उद्याच्या इतिहासकाराला बऱ्याच अंशी वाचता येईल. आपल्या आजच्या लॅपटॉपच्या अंतरंगाविषयी तसे निश्चयपूर्वक म्हणता येत नाही. यंत्राचे ज्ञान कोणाच्या स्वाधीन असावे, हा प्रश्न यामुळे केवळ ग्राहकाच्या सोयीचा राहत नाही. साधनांच्या जतनाचा, म्हणजेच इतिहासाचाही तो प्रश्न ठरतो.